आजीचं लुगडं आणि भाचीची फॅशन

दुपारची जेवणं उरकली असतील. कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी द्राक्षबागेत असाल, कुणी शिलाई मशीनवर. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आपण लुगड्यावर बोलणार आहोत.

झालं असं, आमच्या बचत गटातल्या एकीची भाची पुण्यात फॅशनचं शिक्षण घेते. दिवाळीला ती मावशीकडे आली. पायात कोल्हापुरी चप्पल, फाटकी जीन पँट आणि अंगात खणाचं जाकीट. आम्ही बघतच राहिलो. खण म्हटलं की आम्हाला ओटी आठवते, नाहीतर म्हाताऱ्या बायकांची चोळी. त्याचं जाकीट कुणी घालेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. किंमत विचारली, तर तिनं जो आकडा सांगितला त्यात आमच्यातल्या दोघींचे महिन्याचे हप्ते भरून झाले असते.

तिला कॉलेजसाठी जुन्या कपड्यांविषयी काहीतरी लिहून न्यायचं होतं. म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. अगदी तळाला आजींचं हिरवं इरकल लुगडं होतं, लाल टोपपदराचं. भाची उडालीच. म्हणाली, "आजी, हे तर अस्सल व्हिंटेज आहे! मला द्या, मी याचं झकास जाकीट शिवते."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी लुगडं उचललं, मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवत बसल्या. तिथून आमची चर्चा सुरू झाली, ती पुढचे तीन दिवस चालली. त्यातलं जे जे निघालं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी तो शब्द. व्हिंटेज. भाचीनं सांगितलं की हा शब्द मूळचा द्राक्षांचा. एखाद्या वर्षीचा द्राक्षांचा तोडा आणि त्या वर्षीची दारू, असा त्याचा अर्थ. तासगावकडच्या आमच्या मैत्रिणी यावर खूप हसल्या. पुढे तो शब्द जुन्या चांगल्या वस्तूंना लागला. कपड्यांच्या धंद्यात साधारण वीस वर्षांपेक्षा जुन्या कपड्याला व्हिंटेज म्हणतात. म्हणजे आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या लग्नातल्या साड्या व्हिंटेज झाल्या!

दुसरा शब्द तिच्या तोंडी सारखा होता, हाय स्ट्रीट. इंग्लंडात गावातल्या मुख्य बाजाराच्या रस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. मोठ्या कंपन्यांची तयार कपड्यांची दुकानं तिथं असतात, म्हणून त्या कपड्यांना ते नाव पडलं. आम्ही म्हटलं, मग आमची हाय स्ट्रीट म्हणजे साताऱ्याचा मोती चौक आणि सांगलीची गणपती पेठ. साताऱ्यात तर एका आळीचं नावच खण आळी आहे. लग्नाचा बस्ता बांधायला बैलगाडीतून, नंतर एसटीतून माणसं या पेठांत यायची. दुकानदार गादीवर बसून एकेक लुगडं उलगडायचा. बाप्ये पसंत करायचे आणि बायका मागं बसून नुसत्या बघायच्या. फॅशन तेव्हाही होती, निवड मात्र आपल्या हातात नव्हती.

आता खण आणि इरकल कुठून यायचं ते बघा. खण विणला जातो गुळेदगुड्डला आणि इरकल लुगडं इलकलला. दोन्ही गावं आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहेत. आज मध्ये राज्याची सीमा आहे. पण १९५६ पर्यंत तो सगळा विजापूरचा मुलूख मुंबई राज्यातच होता. जतच्या बाजारात तिकडचं कापड येणं म्हणजे शेजारच्या घरातून विरजण आणण्याइतकं सोपं होतं. आपला सातारा आणि सांगली तरी कुठं वेगळे होते? १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कापडाला या सीमा ठाऊक नव्हत्या. गुळेदगुड्डच्या कोष्ट्यानं विणलेला खण माणच्या बाईच्या अंगावर चोळी होऊन यायचा आणि यमाईच्या ओटीतही पडायचा.

इरकल लुगड्याची एक खूण सांगतो. अंग वेगळं आणि पदर वेगळा. पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक करून अडकवतात आणि मग पदर विणतात. त्याला टोपपदर म्हणतात. आजींच्या लुगड्यावर तो सांधा हाताला लागत होता. भाचीनं तो मोबाइलच्या उजेडात बघितला आणि पहिल्यांदा गप्प झाली.

मग तिनं विचारलं, "पण आजी, कुठल्या साडीची फॅशन आहे हे तुम्हाला कळायचं कसं? तेव्हा मोबाइल नव्हते, टीव्ही नव्हते."

याचं उत्तर आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. पलूस तालुक्यात कृष्णेकाठी नागठाणे गाव आहे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांचं हे गाव. १९०५ साली मिरजेत ते किर्लोस्कर नाटक मंडळीतून शकुंतला झाले आणि तिथून पुढे त्यांनी जन्मभर बायकांच्या भूमिका गाजवल्या. त्या काळी घरंदाज बाईनं रंगभूमीवर पाऊल ठेवायचं नाही अशी रीत होती. म्हणून पुरुषच स्त्री व्हायचे. मौज पुढे आहे. नाटकाला आलेल्या श्रीमंत घरच्या बायका गाणं तर ऐकायच्याच, पण त्यांनी शालू कसा नेसलाय, पदर खांद्यावरून कसा घेतलाय, अंबाड्यावर गजरा कुठं माळलाय हेही टिपून घ्यायच्या. घरी जाऊन तसंच नेसायच्या. महाराष्ट्रातल्या बायकांना नेसायची तऱ्हा शिकवणारा हा मोठा माणूस, आणि तो पुरुष! भाची म्हणाली, "म्हणजे ते त्या काळचे इन्फ्लुएन्सर." आम्ही म्हटलं, तू म्हणशील ते, पण त्यांना गाताही येत होतं.

त्याच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर नांगराचा कारखाना काढला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथूनच १९३० साली 'स्त्री' नावाचं मासिक सुरू झालं हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? शंकरराव किर्लोस्करांनी ते काढलं. शिकलेल्या मुलीच्या, नोकरी करणाऱ्या बाईच्या, घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या गोष्टी त्यात यायला लागल्या. नऊवारी काष्टा सोडून पाचवारी गोल पातळ नेसणारी मुलगी त्या काळात दिसायला लागली होती आणि घरोघर त्यावरून भांडणं होत होती. काहींना ती मुलगी बिघडलेली वाटायची, तर काहींना सुधारलेली. आज आपण पाचवारीला साधी, जुनी साडी म्हणतो. नव्वद वर्षांपूर्वी तीच बंडखोर होती.

देवांनाही फॅशन चुकली नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोचल्या. आपल्या देवघरातली लक्ष्मी जशी दिसते, ती बरीचशी त्यांच्यामुळं. त्यांची मूळ चित्रं बघायची असतील तर लांब जायला नको. औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. १९३८ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. गटाची सहल काढाल तेव्हा तिथं जरूर जा आणि चित्रातल्या बायकांचे काठपदर नीट बघा.

इथपर्यंत आमच्या गप्पा हसत-खेळत चालल्या होत्या. मग गटातल्या एक काकी बोलल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता जुनं ते सोनं. आमच्या आजीला पोटरीच्या खाली लुगडं नेसायची सोय नव्हती. लांब नेसली तर गाववाले विचारायचे, कुणाची बरोबरी करतीस? सोन्याचं राहू द्या, अंगावर चांदीचं चांगलं दिसलं तरी डोळ्यांत यायचं. ते जुनं परत आणायचं का?"

आमच्याकडे यावर उत्तर नव्हतं. त्यांच्या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेत बायकांशी बोलले. तुमची जात ओळखू यावी असं लुगडं नेसू नका, इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, कथलाचे ते जड दागिने उतरवा, असं त्यांनी समजावलं. आणि बायकांनी ते ऐकलं. तिथल्या तिथं नेसण्याची पद्धत बदलली. विचार करा, कुणी नवीन साडी दिली नव्हती. तेच लुगडं, फक्त दोन वीत खाली नेसलं, आणि शेकडो वर्षांचा हुकूम मोडला. भाचीच्या वहीत फॅशनच्या व्याख्या होत्या. त्या दिवशी तिनं त्यांच्याखाली ही गोष्ट लिहून घेतली.

आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट यात बसते. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला त्या निघाल्या, तेव्हा लोक अंगावर शेण आणि चिखल फेकायचे. म्हणून त्या पिशवीत दुसरी साडी घेऊन जायच्या. रस्त्यावर एक आणि वर्गात दुसरी. त्या साडीचा रंग कोणता होता, काठ कसा होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण महाराष्ट्रात त्या जादा साडीपेक्षा मोलाचं वस्त्र आम्हाला तरी माहीत नाही.

आणि कमी कपड्याचाही मान असतो. १९४२ नंतर आपल्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. त्यांनी गांधी लग्नं लावली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपानाच्या लुगड्यांचे ढीग नाहीत. दुसरं महायुद्ध चालू होतं, कापडावर कंट्रोल होता, दोन साड्यांत वर्ष काढायचं होतं. पण कर्ज काढून बस्ता बांधायची जी चाल घराला घर खात होती, तिला या लग्नांनी लगाम घातला. आज पुन्हा हळदीला पिवळी, मेंदीला हिरवी, संगीताला आणखी कुठली, अशी एका लग्नाची पाच लग्नं झाली आहेत. गटाच्या कर्जाच्या अर्जावर कारण म्हणून 'घरखर्च' लिहिलेलं असतं. त्या घरखर्चात किती साड्या असतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

मग गिरणीचं कापड आलं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला, पुढे आपल्या विट्यातही माग खडखडू लागले. पण खरी नवलाई यायची मुंबईहून. साताऱ्या-सांगलीतल्या किती घरांतला बाप्या गिरणगावात होता! जत्रेला, गणपतीला तो यायचा तेव्हा ट्रंकेत गिरणीची पातळं असायची. खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशभर पांगले, त्यांच्या बायकांबरोबर मद्रासची, बंगालची साडी विट्याच्या बाजारात फिरायला लागली. नंतर नायलॉन आलं. धुतलं की वाळलं, इस्त्री नको, फाटायचं नाव नाही. रोजगारावर जाणाऱ्या बाईला ते वरदान होतं. आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण चुलीपुढं तेच नायलॉन पेट घेऊन अंगाला चिकटायचं, हेही आम्ही विसरणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. माणसं गावी परतली. त्या वर्षी ट्रंकेत पातळं आली नाहीत. कापडाचा इतिहास म्हणजे नुसते काठ-पदर नव्हेत. ते विणणाऱ्याची चूल पेटते की विझते, हेही त्यात आलं.

आणि आता जुनं परत आलं आहे. २००४ साली टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि जिनं आयुष्यात पैठणी बघितली नव्हती तिच्याही मनात पैठणी बसली. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला आणि शिवलेली नऊवारी पोरींनी उचलली. चेन लावली की दोन मिनिटांत तयार. आमच्या गटातल्या दोघी आता तीच शिवतात, लग्नसराईत त्यांना मान वर करायला सवड नसते. आजी मात्र म्हणतात, "ती नऊवारी नव्हं, ती विजार. खरी नऊवारी पोटाला आधार देते आणि काष्टा मारून उसाच्या सरीत उतरता येतं."

भाचीनं आम्हाला दुसरी बाजूही सांगितली, ती ऐकून अंगावर काटा आला. हाय स्ट्रीटवरचा कपडा स्वस्त कसा मिळतो? २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवायचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक आपल्यासारख्या बाया आणि कोवळ्या पोरी. त्या परदेशातल्या दुकानांसाठी कपडे शिवत होत्या. कपडा दोनदा घालून फेकून द्यायचा आणि पुढच्या महिन्यात नवी तऱ्हा घ्यायची, ही चाल अशा पोरींच्या जिवावर चालते. म्हणूनच जगभरातली बरीच तरुण मुलं जुने कपडे शोधून घालायला लागली आहेत. म्हणजे व्हिंटेज हे नुसतं खूळ नाही, त्यामागं थोडी लाजही आहे आणि थोडी शहाणीव.

हे ऐकल्यावर आम्हाला आमच्या वाकळा आठवल्या. जुनं फेकायचं नाही हे आम्हाला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. लुगडं विरलं की त्याचं परकर-पोलकं, ते विरलं की बाळाची दुपटी, दुपट्याचं लंगोट आणि उरलेल्या धडप्यांची वाकळ. जे चांगलं होतं ते मात्र आम्ही घालवलं. बोहारीण दारात आली की जरीकाठाची लुगडी देऊन स्टीलची पातेली घेतली. आमच्यातल्या एकीनं सासूचा शालू दिला आणि डबा घेतला. डब्याचं झाकण केव्हाच हरवलं. शालू आठवला की तिला आजही झोप लागत नाही.

गेल्या वर्षी एक व्यापारी आला. आमच्या वाकळा त्यानं घेतल्या, आम्हाला वाटलं चांगला भाव मिळाला. भाचीनं मोबाइलवर दाखवलं, तशीच एक वाकळ चौपट भावाला विकायला होती. खाली लिहिलं होतं, परंपरागत, हाताने शिवलेली, एकमेव. सगळं खरं होतं. फक्त शिवणारीचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींनीच विषय काढला. लुगडं अजून त्यांच्याजवळच होतं. म्हणाल्या, "पोरी, हे लग्नातलं न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. घरात दाणा नव्हता, सुकडी खाऊन दिस काढलं. हातांला फोड यायचं. दुष्काळ सरला, पाऊस पडला, तवा माझ्या मजुरीतलं थोडं पैसं मी लपवून ठेवलं होतं. त्याचं हे घेतलं. जन्मात पहिल्यांदा दुकानात मी बोट दाखवलं, ह्ये पायजे म्हणून. मालक मागं हुभा होता, मी म्होरं."

आम्ही सगळ्या गप्प. ज्या सुनेनं चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली तिलाही हे माहीत नव्हतं.

भाचीनं कात्री पिशवीत ठेवून दिली. आजी म्हणाल्या, "लुगडं तुलाच देते. पण कापायचं न्हाई. नेसाय शीक." मग आजींनी तिला नेसायला शिकवलं. तीनदा काष्टा सुटला, चौथ्यांदा बसला. अंगणात ती चालून दाखवायला लागली तेव्हा आजी म्हणाल्या, "आता जरा वाकून बघ. वाकता आलं पायजे. न्हाईतर काय उपयोग?"

मैत्रिणींनो, कात्रीला आमचा विरोध नाही. वाकळ ही कात्रीचीच लेक आहे. विरलेल्या लुगड्याची पर्स करा, जाकीट करा, विका आणि चांगले पैसे घ्या. पण कापण्याआधी विचारा, हे कुणाचं, कधीचं, कशाच्या पैशाचं? एकदा कापलं आणि आजीही गेली, की मग विचारायला कुणी उरत नाही.

आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, आता वाकळ विकताना तिला एक चिठ्ठी टाचायची. शिवणारीचं नाव, गाव, किती दिवस लागले आणि कुणाच्या कपड्यांची आहे ते तिच्यावर लिहायचं. किंमत धरताना आधी आपल्या दिवसांची मजुरी धरायची, मग दोऱ्याचा आणि अस्तराचा खर्च आणि मग नफा. व्यापाऱ्याला परवडलं तर घेईल, नाहीतर पुढच्या गावाला जाईल. दुसरी, गटाच्या दर महिन्याच्या बैठकीला एकीनं घरातलं एक जुनं वस्त्र आणायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. वहीत ती लिहून ठेवायची. हप्त्यांची वही आपण इतकी वर्षं चोख ठेवली, आता ही दुसरी वही ठेवू.

भाचीच्या कॉलेजात तिच्या लिखाणाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिनं लुगड्याचा फोटो लावला आणि खाली कोणत्या साली, कोणत्या कामाच्या मजुरीतून ते घेतलं ते लिहिलं. किती मार्क मिळाले ते तिनं अजून कळवलेलं नाही. आजी रोज विचारतात.

तर आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. डांबराच्या गोळ्या बदला, लुगडी उन्हात नको, सावलीत वारा लागेल अशी पसरा, घडीची जागा बदलून पुन्हा ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जरा वेळ बसा. पुढच्या वेळी तुमच्या ट्रंकेतली गोष्ट आम्हाला ऐकायची आहे. नमस्कार.